जागेचा भाव आणि वस्तीचे मोल

एखाद्या वस्तीत जागांचे दर चढू लागले की त्या वस्तीला 'भाव आला' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. या वाक्प्रचारात दोन निरनिराळ्या गोष्टी बेमालूम एकवटल्या आहेत. पहिली गोष्ट निव्वळ हिशेबाची : काल जी खोली अमुक रुपयांना मिळत होती, ती आज त्याच्या दुप्पट रुपयांना मिळते. दुसरी गोष्ट प्रतिष्ठेची : त्या वस्तीत राहणे लोकांना काल जेवढे हवेसे वाटत होते, त्याहून आज अधिक हवेसे वाटते. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होते असे बिल्डर म्हणतो, जागेचा दलाल म्हणतो, आणि पुष्कळदा महापालिकेचा व राज्य शासनाचा कारभारही तसेच मानून चालतो. हे मानणे कितपत रास्त आहे, ते तपासून पाहावयाचे तर मुंबईच्या गिरणगावाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

या समजुतीला अर्थशास्त्राचा आधारच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खंडाची जी उपपत्ती मांडली, तिचा गाभा असा की, सुपीक जमिनीला निकस जमिनीपेक्षा जेवढे अधिक पीक येते, त्या अंतरातून खंड उपजतो. शहरात सुपीकतेची जागा सोयीने घेतली, एवढाच फरक. दादर स्थानकापासून पाच मिनिटांवर असलेले घर आणि बदलापूर स्थानकापासून रिक्षाने वीस मिनिटांवर असलेले घर यांच्या किमतींत जी तफावत आहे, तिच्यात लोकलमध्ये उभ्याने काढाव्या लागणाऱ्या तासांचे मोल आलेले आहे. अमेरिकेत वॉलेस ओट्स यांनी न्यू जर्सी राज्यातील ५३ नगरपालिकांच्या हद्दींतील घरांच्या किमतींचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. इतर गोष्टी समान असता जेथे शाळांवर विद्यार्थ्यामागे अधिक खर्च होतो तेथे घरे महाग आणि जेथे मालमत्ता कर अधिक तेथे ती स्वस्त, असे त्यांना आढळले. चांगली शाळा जवळ असावी म्हणून माणसे पदरचे पैसे मोजतात, हे पुण्यामुंबईच्या पालकांना कोणा अमेरिकन प्राध्यापकाने सांगावयास नको.

म्हणजे एकाच वेळी, एकाच बाजारात दोन वस्त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर भावाचा काटा बऱ्याच अंशी खरे बोलतो. घोटाळा होतो तो निराळ्याच ठिकाणी. दोन वस्त्यांमधील आजचे अंतर आणि एकाच वस्तीचे काल व आज यांमधील अंतर ही दोन्ही लोक एकाच मापाने मोजू लागतात. ओढ्याला पूर आला म्हणून ओढ्याचा तळ वर आला, असे कोणी म्हणत नाही. जागांच्या बाबतीत मात्र नेमके तेच म्हटले जाते.

शिवाय मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे, हा पाठ अकरावीच्या पहिल्या चाचणीलाच विचारला जातो. इच्छेला क्रयशक्तीची जोड मिळाली तरच बाजार तिची दखल घेतो. ज्याला लालबागेत राहण्याची मनापासून इच्छा आहे, ज्याचे आईबाप तेथे आहेत, ज्याची कामावरची वेळ सकाळी सातची आहे, अशा इस्पितळातील कर्मचाऱ्याची इच्छा भावात उमटत नाही. आणि ज्याला तेथे एक दिवसही राहावयाचे नाही, पण हाती चार कोटी रुपये आहेत, त्याची उमटते. बाजारात मतदानाचा हक्क माणशी एक नसतो, रुपयागणिक एक असतो. तेव्हा चढत्या भावातून 'हवेसेपणा' वाचावयाचा तर तो कोणाचा, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

गिरणगावात काय बदलले?

परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, वरळी आणि डिलाईल रोड हा सारा टापू शतकभर गिरण्यांच्या भोंग्यावर जगला. एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. सोयीच्या दृष्टीने पाहिले तर हा टापू तेव्हाही मुंबईतील उत्तम भागांपैकी एक होता. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांची स्थानके पायी अंतरावर, केईएम रुग्णालय १९२६ पासून आणि टाटा रुग्णालय १९४१ पासून दाराशी, भाजीपाला व मसाल्याचे बाजार हाकेच्या अंतरावर, खानावळी, ग्रंथालये, भजनी मंडळे, व्यायामशाळा यांची रेलचेल. लालबागचा सार्वजनिक गणपती १९३४ सालचा. वस्ती म्हणून जे काही मोलाचे म्हणता येईल, ते सारे चाळीच्या गॅलरीत उभे राहून दिसत होते. त्या चाळींतील खोल्या लहान होत्या, संडास सामाईक होते, पाण्यासाठी पहाटे उठावे लागे, हेही विसरता कामा नये. जुन्याचे गोडवे गाण्याच्या भरात ते विसरले जाते. परंतु वस्तीच्या सोयी आणि खोलीच्या गैरसोयी या वेगळ्या गोष्टी आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप विधिवत कधी मागे घेतला गेला नाही. कामगार मात्र उद्ध्वस्त झाले आणि एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. त्यानंतर या टापूतील खरी संपत्ती सूत नसून सुताखालची जमीन आहे, हे गिरणीमालकांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. ५८ गिरण्यांखाली मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्या जमिनीची विभागणी ठरवून दिली : साधारणपणे एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी सगळ्या जमिनीची न होता केवळ जी आधीच रिकामी असेल तेवढ्याच जमिनीची होईल, असे ठरले. गिरणीची जमीन म्हणजे बहुतेक शेडखालचीच असल्यामुळे मैदानांच्या व सार्वजनिक घरांच्या वाट्याला चतकोर उरला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली.

आता 'भाव म्हणजे वस्तीचा चांगलेपणा' हे सूत्र येथे लावून पाहावे. मैदाने आणि बागा यांचे क्षेत्र घटले, त्याअर्थी वस्ती तेवढी कमी हवीशी व्हावयास पाहिजे होती आणि भाव निदान थोडा उतरावयास पाहिजे होता. झाले ते उलट. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ साली लोअर परळ येथील मुंबई टेक्सटाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली. सात वर्षांनी, २०१२ साली, त्याच जमिनीची पुन्हा विक्री झाली, ती २,७२७ कोटी रुपयांना. म्हणजे वर्षाकाठी सरासरी २१ टक्के वाढ! या सात वर्षांत त्या जमिनीवर एकही बिऱ्हाड राहावयास आलेले नव्हते. शेजारचा कसा आहे, पाणी किती वेळ येते, रात्री रस्ता सुरक्षित असतो की नाही, याचा अनुभव कोणी घेतलेलाच नव्हता. चौपटीच्या जवळ गेलेला तो भाव राहणाऱ्यांनी दिलेला कौल नव्हता. पुढे येथे किती मजले चढतील आणि त्यानंतरचा ग्राहक काय देईल, याबद्दल दोन धनिक व्यापाऱ्यांनी बांधलेला तो अंदाज होता.

आजूबाजूला मॉल आले, काचेच्या कचेऱ्या आल्या, त्यांत रोज लाखभर माणसे कामाला येऊ लागली, हे खरे आहे. त्यांच्यासाठी पूल मात्र जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जण दगावले. स्थानकाचे नाव पुढच्या वर्षी प्रभादेवी झाले. परिसरातील जाहिरातींतही नावे बदलली आणि लोअर परळचे 'अपर वरळी' झाले. भावाला वस्तीच्या नावाचीसुद्धा लाज वाटू लागली, असेच म्हणावयाचे.

माणसे कमी, भाव अधिक

एक आकडा येथे फार महत्त्वाचा आहे. जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची, लोकसंख्या २००१ साली ३३.३८ लाख होती. २०११ साली ती ३०.८५ लाख झाली. दहा वर्षांत साडेसात टक्के माणसे घटली, आणि ही तीच दहा वर्षे होती की जेव्हा या जिल्ह्यातील जागांचे भाव गगनाला भिडत होते. याच काळात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१.३२ लाखांवरून ११०.६० लाखांवर गेली. लोकांनी पायांनी जे मत दिले, ते पैशाने दिलेल्या मताच्या बरोबर विरुद्ध दिशेला गेले.

यावर असा आक्षेप येईल की, भाव चढले म्हणूनच माणसे गेली, आणि भाव चढले ते मागणी होती म्हणूनच. कुटुंबे लहान झाली, राहत्या जागांची कार्यालये झाली, ही कारणेही आहेत. आक्षेप रास्त आहे. लोकसंख्येचा आकडा हा वस्तीच्या चांगलेपणाचा पुरावा नव्हेच. परंतु मग भावाचा आकडा तरी तसा पुरावा कसा ठरतो? जपानकडे पाहिले तर हेच चित्र आरशात पाहावे तसे उलटे दिसते. टोकियोसह जपानच्या मोठ्या शहरांतील जमिनींचे भाव १९९१ च्या सुमारास शिखरावर पोहोचले आणि त्यानंतर जवळजवळ दीड दशक घसरत राहिले. टोकियो महानगराची लोकसंख्या मात्र १९९५ मध्ये सुमारे १ कोटी १८ लाख होती, ती २००५ मध्ये १ कोटी २६ लाख झाली. भाव कोसळत होते आणि लोक तेथे राहावयास येत होते. टोकियो नावडते झाले म्हणून भाव उतरले, असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. फुगवलेले कर्ज आणि फुगलेली आशा या दोहोंतील हवा निघून गेली, इतकेच झाले.

आपल्याकडेही याचा एक छोटा प्रयोग होऊन गेला आहे. १९९१ नंतरच्या खुल्या वाऱ्यात मुंबईतील जागांचे दर इतके वाढले की १९९५ च्या सुमारास नरिमन पॉइंट येथील कचेऱ्यांचे भाडे जगातील सर्वाधिक भाड्यांत गणले जाऊ लागले. नंतरच्या काही वर्षांत ते दर मोठ्या प्रमाणावर खाली आले. या काळात समुद्र मागे हटला नव्हता की चर्चगेट स्थानक हलले नव्हते.

भाव वाढवणारे हात कोणते, हे पाहावयाचे तर कर्जाच्या हप्त्याचे गणित मांडून पाहावे. ज्याला महिन्याकाठी १०,००० रुपयांचा हप्ता झेपतो, त्याला १३ टक्के दराने १५ वर्षांच्या मुदतीवर सुमारे ७ लाख ९० हजारांचे कर्ज मिळू शकते. दर साडेसात टक्के झाला आणि मुदत २० वर्षांची झाली की त्याच हप्त्यात १२ लाख ४१ हजार मिळतात. विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या संधिकालात गृहकर्जाचे व्याज साधारण याच वाटेने उतरले. पगार तोच, हप्ता तोच, वस्ती तीच, आणि विकत घेण्याची ताकद ५७ टक्क्यांनी वाढली. नवी जमीन मात्र पैदा होत नसते. विशेषतः तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूने चटई क्षेत्राची मर्यादा असलेल्या शहरात. तेव्हा वाढलेली ही ताकद अधिक घरांत न उतरता बहुतांशी भावात उतरली. कर्ज स्वस्त झाले याचा लाभ घेणाऱ्याला व्हावा अशी अपेक्षा होती. तो विकणाऱ्याच्या पदरात पडला. सरकारने गृहकर्जावरील व्याजाला प्राप्तिकरातून दिलेल्या सवलतीचेही कमीअधिक प्रमाणात हेच झाले, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

राहण्याचे भाडे, मालकीची किंमत

वस्तीत राहण्याचे मोल जर खरोखर जाणून घ्यावयाचे असेल, तर विक्रीच्या भावापेक्षा भाड्याकडे पाहणे अधिक शहाणपणाचे. भाडेकरू उद्याची स्वप्ने विकत घेत नाही. त्याला या महिन्यात राहावयाचे असते. पाणी येत नसेल, शेजार वाईट असेल, तर तो अकरा महिन्यांनी उठून जातो. मुंबईत घराच्या किमतीशी वार्षिक भाड्याचे प्रमाण बहुधा दोनतीन टक्क्यांच्या आसपास आढळते. समजा, दीड कोटीच्या घराला महिना ४०,००० रुपये भाडे येते. वर्षाचे ४ लाख ८० हजार म्हणजे ३.२ टक्के झाले. हीच रक्कम ७ टक्के व्याजाने बँकेत ठेवून मिळवावयाची तर ६९ लाख पुरतात. मग उरलेले ८१ लाख कशाचे? ते उद्याच्या भाडेवाढीचे आहेत. भाडे दरसाल ३.८ टक्क्यांनी अखंड वाढत राहील असे धरले, तरच दीड कोटींचा मेळ बसतो. हे धरणे अगदीच वेडगळ आहे असे नव्हे. महागाईचा वेग पाहता ते शक्य कोटीतील आहे. पण याचा अर्थ एवढाच की, भावाचा निम्म्याहून अधिक भाग वस्तीच्या आजच्या गुणांबद्दल काहीच सांगत नाही. तो भविष्याबद्दल बोलतो, आणि तेही इतरांना भविष्याबद्दल काय वाटेल याच्या अटकळीवरून. वृत्तपत्रातील सौंदर्यस्पर्धेत ज्याला जो चेहरा आवडतो तो न निवडता इतरांना कोणता आवडेल याचा अंदाज बांधून निवडावा लागतो, असा दाखला केन्सने १९३६ साली शेअरबाजाराबद्दल दिला होता. तो जागांच्या बाजाराला तंतोतंत लागू पडतो. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने २०११ च्या जनगणनेवरून असे दाखवून दिले की, मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आहेत, देशातील कोणत्याही शहरापेक्षा अधिक. रिकाम्या घराला शेजार नसतो. त्याला फक्त भाव असतो.

मालकीची किंमत आणि राहण्याचे मोल यांची फारकत जुन्या मुंबईला नवी नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले, आणि पन्नास वर्षे ते जवळजवळ तेथेच राहिले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता अन्याय्य झाली आहे असे म्हटले, त्यानंतर १९९९ चा कायदा आला. दरम्यान गिरगावात वा लालबागेत एकाच मजल्यावरील एकाच गॅलरीला लागून असलेल्या दोन खोल्यांपैकी एकीचे भाडे महिना वीसतीस रुपये आणि शेजारच्या खोलीची पागडी काही लाख, हे दृश्य कोणाला नवलाचे वाटत नव्हते. गॅलरी तीच, नळ तोच, सोबत तीच. बदलत होता तो हक्क, आणि भाव त्या हक्काचा होता.

हा वाद केवळ वर्गातला असता तर फारसे बिघडले नसते. परंतु शासन याच भावावरून आपले तक्ते बांधते. मुद्रांक विभागाचे बाजारमूल्याचे वार्षिक दर विक्रीच्या व्यवहारांवर बेतलेले असतात. मुंबई महापालिकेचा मालमत्ता करही १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारला जातो. त्यापूर्वी तो भाड्यावर आधारलेला होता. जुन्या पद्धतीत गोठलेल्या भाड्यामुळे दक्षिण मुंबईच्या प्रशस्त घरांना नाममात्र कर आणि उपनगरातील नव्या दोन खोल्यांना भरमसाट कर अशी विपरीत स्थिती होती, म्हणून बदल करणे भागच होते. मात्र नव्या पद्धतीत ज्याने घर विकावयाचे कधी मनातही आणले नाही, त्याच्यावरही शेजाऱ्याने विकलेल्या घराच्या भावाने कर बसतो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मुंबईत या करातून सूट मिळाली, यातच त्या अन्यायाची कबुली आहे.

कर माफ झाला, तरी देखभालीचा खर्च माफ होत नाही. बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांची सदनिका मिळणे ही त्या कुटुंबांच्या आयुष्यातील मोठीच प्राप्ती आहे, आणि तिला नाक मुरडणाऱ्याने आधी सामाईक संडासाच्या रांगेत महिनाभर उभे राहून पाहावे. पण उद्वाहने, पंप, पहारेकरी, अग्निशमनाची यंत्रणा यांचा दरमहाचा खर्च निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला पेलत नाही आणि दारी दलाल येऊन भाव सांगू लागतो, तेव्हा ते घर कागदावर जितके मोलाचे, तितके त्यात राहणे अवघड. अशी कुटुंबे घर विकून कल्याण-बदलापूरकडे गेली, तर खात्यावर ती 'लाभार्थी' म्हणूनच नोंदली जातात.

१९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार भाड्याचा प्रत्येक करार लेखी करून नोंदविणे सक्तीचे आहे. म्हणजे कोणत्या वस्तीत राहण्यासाठी लोक खरोखर किती रुपये मोजतात आणि किती वर्षे टिकतात, याचे दप्तर शासनाच्याच नोंदणी खात्यात दरवर्षी वाढत असते. वस्तीची पत ठरविताना मात्र त्याच खात्याच्या दुसऱ्या कपाटातील खरेदीखते काढली जातात.